अख्खं आयर्लंड गरम करायचं नाहीये

आज सकाळी येस्पर गेला.
आणि तासाभराने त्याच्या घराने आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला.

थट्टा नाही करत. डोकं ठिकाणावर नाहीये माझं, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाहीये.

येस्पर म्हणजे इथे आयर्लंडमध्ये, सिटीवेस्टमधला आमचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. डॅनिश माणूस, पन्नाशीचा, एकटा, घरूनच कोडिंग करायचा.
घरभर सेन्सर लावलेले. दारांना, खिडक्यांना, फ्रिजलासुद्धा.
जिन्याखालच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आमच्याही तोंडात बसलंय) एक डबीएवढा कम्प्युटर. तो सगळ्या सेन्सरचं ऐकून गल्लीच्या ग्रुपवर येस्परने लिहून ठेवलेले अपडेट टाकायचा.
उरलेले अपडेट येस्पर स्वतः टाकायचा.

"ब्रेड भाजला. ठीक झालाय."
"कोल्हा आला होता. बिन पाडून गेला."
"लुआस ट्राम आज उशिरा आहे. मला कुठेच जायचं नाहीये, तुमच्यासाठी सांगतोय."

"कोणाला हवंय रे हे सगळं?" मी एकदा तोंडावर विचारलं.
"कोणालाच नाही," तो म्हणाला. "पण मला कोणी विचारत नाही ना, म्हणून मीच सांगून टाकतो."
आणि हसला. मीही हसले.

त्याच्या दारात उभी राहून मी गप्पा मारायला लागले की दोन मिनिटांत ओरडणार, "आत ये नाहीतर दार लाव! अख्खं आयर्लंड गरम करायचं नाहीये!"
गॅसचं बिल म्हणजे त्याचा जीव की प्राण.

मंगळवारी सकाळी ग्रुपवर आलं, "घरी कोणी नाही. हीटिंग कमी केलं."
सगळ्यांनी थम्स-अप दिला. गेला असेल डेन्मार्कला बहिणीकडे.

पण मंगळवारी माझ्या लेकीचा, इराचा वाढदिवस होता.
डॅनिश लोकांना वाढदिवसाला झेंडा लागतो. गल्लीत कोणाचाही वाढदिवस असो, येस्पर सकाळीच त्यांच्या दारातल्या कुंडीत कागदी डॅनिश झेंडा खोचून जायचा. आयरिश, पोलिश, मराठी, सगळ्यांना तोच लाल-पांढरा झेंडा.

शाळेला निघताना इराने कुंडी बघितली.
"आई, नो फ्लॅग."
"अगं, गावाला गेलाय तो. त्याचं घर सांगतंय ना."
"ही वुडन्ट फरगेट, आई. ही जस्ट वुडन्ट."

मी तशीच त्याच्या दाराकडे पळाले.

त्याची सायकल बाहेरच होती. बेल वाजवली, दार बडवलं. कुलूपही त्याने स्वतःच केलेलं, नंबरांचं. कोड मला माहीत होता, पण घाईत चुकला, परत चुकला. आणि ते दीडशहाणं कुलूप मला सांगतंय, थोड्या वेळाने प्रयत्न करा.
मी त्या दाराला येतील तेवढ्या सगळ्या मराठी शिव्या घातल्या.
समोरचा डेक्लन धावत आला. "यू ग्रँड?" (इथे ठीक असण्याला ग्रँड म्हणतात.)
नाही रे बाबा, काही ग्रँड नाही.
त्याने मागचं दार लाथ मारून उघडलं.

येस्पर किचनच्या फरशीवर पडला होता. श्वास चालू होता, पण हलत नव्हता.
हलत नव्हता, म्हणून घराने ठरवून टाकलं की घरी कोणी नाही.

गल्लीत निम्मे आयटीवाले आहोत आम्ही. एकानेही दार वाजवलं नाही. डबी म्हणाली ना, मग झालं.

बहीण कर्स्टन डेन्मार्कहून आली आणि हॉस्पिटलमध्ये बसून राहिली. मी रोज ऑफिस सुटलं की तिथे. कधी नव्हे ते पार्किंगमध्ये उभी राहून गणपतीला साकडं घातलं. वाचव रे याला. एका बहिणीशिवाय कोणी नाहीये रे याला.

आज सकाळी कर्स्टनचा फोन आला.
"ही इज गॉन."
मग म्हणाली, "आमच्याकडे माणूस गेला की खिडकी उघडतात. जीव बाहेर जायला. इथल्या खिडक्या उघडतच नाहीत. नर्सला विचारलं, पण त्या सील केलेल्या आहेत. तू त्याच्या घरची उघडशील? प्लीज? आत्ता?"

मीटिंग अर्धी टाकून निघाले. आज मेला कोड पहिल्या झटक्यात लागला.

आत पाऊल टाकलं आणि खिशात फोन वाजला.
"कोणीतरी घरी आलंय. हीटिंग चालू केलं."
लगेच कोणीतरी लिहिलं, "ही इज होम?? थँक गॉड!"
मग हार्ट. आणखी हार्ट.

अरे देवा. आता हे मी कसं सांगू?
"नाही. मी आहे." एवढंच टाइप करता आलं.

आणि खिडकी उघडेना.
वाऱ्याची झुळूकही येऊ नये म्हणून ह्या चिकट माणसाने सगळ्या फटी टेप लावून बुजवलेल्या. मी नखांनी ओरबाडलं, सुरीने कापलं. कर्स्टन फोनवर ऐकत होती. मी रडत होते, ओरडत होते, "उघड ना गं बाई, उघड!" असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही हो. पण त्या क्षणी मला खरंच वाटत होतं, हा आत कोंडलाय, आणि माझ्या हातून परत दार उघडत नाहीये.

शेवटी उघडली. गार वारा आत आला.

फोन वाजला.
"किचनची खिडकी उघडी आहे. जो कोणी असेल त्याने लावावी. अख्खं आयर्लंड गरम करायचं नाहीये."

मी तिथेच फरशीवर बसले.
ह्या वेळी ग्रुपवर कोणीही थम्स-अप दिला नाही.

तेव्हापासून तोच मेसेज येतोच आहे. कर्स्टन म्हणते, ती डबी बंद करून टाक. नाही होत माझ्याच्याने.
भावपूर्ण वगैरे लिहायलाही हात धजत नाहीये.

येस्पर, कितीही ओरड, खिडकी मी लावणार नाही.
होऊ दे अख्खं आयर्लंड गरम.
जा रे बाबा. नीट जा.