फोटोतला लाल डाग

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलो. डबा खाताना मोठ्याने वाचून दाखवायचो आणि लिहिणाऱ्याची यथेच्छ टिंगल करायचो. मी फिटर माणूस... मशीन कण्हायला लागलं तर बेअरिंग गेलेलं असतं, भूत नसतं. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. हसायचं तर हसा.

मी मूळचा साताऱ्याचा, तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. बेटेगावला नवा फ्लॅट घेतला. हॉलच्या भिंतीवर सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, आमच्या एखाद्या फोटोची मोठी फ्रेम हवी होती. माझ्या पाळीतला जयवंत जवळच्याच दांडी गावचा. तो म्हणाला, "आमच्या किनाऱ्याला जुना पडका कोट हाय. चला, दाखवतो." रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो.

कोटाचं फक्त दार आणि एक बुरूज उरलाय. दाराच्या उजव्या अंगाला शेंदूर फासलेला दगड. जयवंतने चपला काढल्या, बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं आणि म्हणाला, "तिघं आत जातो रे बाबा, तिघं भायेर येऊ."

"गेट पास काढलास होय?" मी म्हटलं.

"राखणदार हाय तो. सांगून जायाचं असतं." सुनीता हसली, तो नाही हसला.

निघताना सुनीता आणि जयवंत दारात उभे राहिले. जयवंतने डावा हात उंच करून बुरूज दाखवला आणि मी फोटो काढला. समोरून ऊन, एका कोपऱ्यात माझंच बोट, त्यात हात हललेला. घरी येऊन बघतो तर चेहरे बरे, बाकी सगळा राडा. उजवीकडे तर लाल डाग पसरला होता.

दुपारी जेवून मी फोटो एआयला दिला. लिहिलं, लाल डाग काढ आणि जुन्या तैलचित्रासारखं कर. चित्र देखणं आलं — पण दाराआड एक माणूस उभा होता, हातात कोयता. म्हटलं, एआय आहे, माणसाला सहा बोटंही देतं. "तो माणूस काढ." दुसऱ्या चित्रात तो बाहेर आला होता, कोयता उगारून. माझं डोकं फिरलं. पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यात जयवंत गुडघ्यांवर कोसळला होता. त्याचा डावा हात घड्याळाच्या जरा वर तुटून पायरीवर पडला होता, घड्याळासकट. हाड दिसत होतं. चौथ्यात त्या माणसाने सुनीताचे केस मुठीत धरून मान मागे ओढली होती आणि पातं तिच्या गळ्यावर टेकवलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

लक्षात घ्या, हे ॲप साधं कोंबडी कापतानाचं चित्रही देत नाही! मी मोबाइल सोफ्यावर फेकला. सुनीताला काही बोललो नाही.

सोमवारी पहिली पाळी. पावडरचा मोठा मिक्सर साफ करायचा होता. फ्यूज मी स्वतः काढून खिशात टाकले, पॅनेलला कुलूप लावलं. जयवंतला म्हटलं, "घड्याळ काढ आधी." तो "काढतो ओ" म्हणाला आणि बोलता बोलता हात आत घातला.

मिक्सर फिरला. एकच फेरा. हाड तुटल्याचा आवाज अजून कानात आहे. रक्त माझ्या तोंडावर, डोळ्यांत उडालं. जयवंत ओरडलासुद्धा नाही, नुसता तुटलेल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मी पट्टा काढून त्याचा दंड आवळला. फ्यूज माझ्या खिशातच होते.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी रडत त्याला सगळं सांगितलं, पहिलं चित्र दाखवलं. त्याने उजव्या हाताच्या बोटांनी चित्र मोठं केलं.

"दादा, राखणदार कुठं हाय यात?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी पुसलेला लाल डाग म्हणजे तो दगड होता. सुरक्षेची जाळी काढून मशीन चालू करणाऱ्याच्या अंगावर मी धावून जातो, आणि इथे मीच...

"परत ठेवा त्याला," जयवंत म्हणाला. "वैनी हायेत त्यात."

तिथेच खाटेशेजारी बसून लिहिलं, दाराजवळ शेंदराचा दगड होता तसा परत ठेव. चित्र आलं. दगड जागेवर, त्यावर पाण्याचे ओघळ... मी पाण्याबद्दल लिहिलंच नव्हतं. कोयतेवाला नाही. सुनीता हसत उभी. मी देवाचं नाव घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा मनापासून.

मग जयवंतकडे लक्ष गेलं. हात वर केलेलाच होता, पण मनगटाच्या जरा अलीकडेच संपलेला. घाईघाईने मूळ फोटो उघडला. तोच रविवारचा, हललेला, माझ्या बोटासकट. त्यातही तसंच. टोकाला जखम नव्हती, जुनी बरी झालेली कातडी होती.

दोन महिने झाले. सुनीताला ओरखडाही नाही. मिक्सर का फिरला हे चौकशीत कळलं नाही, फोटोतला हात कसा गेला हे कुणालाच सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर सांगा, टिंगल केलीत तरी चालेल.

परवा जयवंतचा फोन आला. "दादा, तो कोटावरचा फोटू पाठवा ना, हललेला असला तरी चालल. दोन्ही हात असलेला शेवटचा फोटू तोच हाय माजा."

सापडत नाही, असं सांगितलं मी त्याला.