वाकळीखालचा हात

आमच्या घरात मोबाइलवरचे गेम सगळ्यात जास्त मी खेळते. नातवंडं शाळेत गेली की गाड्या पळवते, रंगीत गोळ्या फोडते, आणि ती परत आली की पोथी उघडून बसते. कुणाला संशय नाही. पण चेंडू आणि फळीचा तो जुना खेळ मी लावत नाही. तो लागला की मला निपाणीची आमची पुढची खोली दिसते, आणि त्या खोलीत माझ्यासारखी एक दीडशहाणी.

तेव्हा मी नवी सून होते. माहेर बेळगावचं, खासबागेतलं. मॅट्रिक पास. निपाणीला आले तेव्हा मला मनापासून वाटत होतं, की या गल्लीत आता माझ्यामुळं उजेड पडणार. गल्लीला तसं वाटल्याचं कुठं दिसलं नाही, पण मी धीर सोडला नव्हता.

दुपारी दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्यांच्यात सगळ्यात चपळ. नजर रस्त्यावर, तोंड शेजारणीकडं, आणि बोटं आपली आपण पानात तंबाखू भरून, गुंडाळून, दोरा बांधून मोकळी. कारखान्यात विड्या तपासून वाईट त्या बाजूला काढत, त्याला म्हणायचे छाट. आत्याबाईंच्या विड्यांत छाट निघत नसे आणि ही गोष्ट त्या वाटसरूलासुद्धा ऐकवत. घरातही तोच हिशोब. मी पहिली भाकरी केली, ती त्यांनी दोन बोटांत उचलून उजेडाला धरली. "छाट," म्हणाल्या, आणि खाल्ली.

एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या त्यांचं उजवं अंग गेलं. पाय हळूहळू परत आला. जीभ तर पहिल्या आठवड्यातच आली, थोडी जड होऊन, पण धार तीच. हात तेवढा आला नाही. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, "बोटं हलवत राहा. येईलही, न येईलही." मी त्यातलं 'येईल' तेवढंच घेतलं.

आणि देवीपुढं नवस बोलले. मनातल्या मनात बोलायची अक्कल कुठली! चांगलं चार बायका घरात असताना, मोठ्यानं: "आत्याबाईंचा हात येईपर्यंत माहेरचा उंबरा चढणार न्हाय." बायकांनी डोळ्याला पदर लावला. मला फार बरं वाटलं. आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, त्यांनाही भरून आलं.

तेव्हा मला दिवस होते. आधीचं एक राहिलं नव्हतं, म्हणून सगळेच धास्तावलेले. बाळंतपण माहेरी, दवाखान्याजवळ करायचं ठरलं होतं. पुढं पुढं माझे पाय सुजायला लागले, डोकं धरायचं. आईचे निरोपांवर निरोप. मी म्हणायची, "नवस बोललीया मी." देवीला दिलेला शब्द मोडला तर पोटातल्याला काही होईल, ही भीती खरी होती. पण सगळे माझ्याकडं कौतुकानं बघतात, हेही मला आवडत होतं. दोन्ही एकत्रच होतं.

त्यातच माझा भाऊ आखातातून रजेवर आला आणि मला बघायला निपाणीला आला. येताना त्यानं टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. काळा डबा, त्यात कॅसेटी घालायच्या. एकीत विमानं पाडायची. एकीत एक तोंड गल्लीबोळांतनं ठिपके खात पळायचं आणि मागं भुतं. एकीत मोटारीची शर्यत. आणि एकीत चेंडू आणि फळी: छोट्या डबीवरचं रेडिओसारखं गोल बटण फिरवलं की पडद्यावर फळी सरकायची आणि चेंडू परत जायचा.

ते बटण बघितलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. अंगठा आणि पहिलं बोट, हलकेच फिरवायचं. विडी वळायचीच हालचाल की! भाऊ परत निघाला तेव्हा मी तो खेळ ठेवूनच घेतला.

रोज दुपारी मी आत्याबाईंचा उजवा हात त्या बटणावर ठेवायची, वर माझा हात, आणि फिरवायची. "आत्याबाई, जोर लावा." चेंडू फळीच्या बाजूनं निघून जायचा. मी परत सुरू करायची. पुढं पुढं त्या पडद्याकडं बघतच नसत, माझ्या पायांच्या सुजेकडं बघत.

"तू बेळगावला कधी जातीस?"

"तुमचा हात आला की."

"आणि न्हाय आला तर?"

"असं बोलायचं न्हाय."

मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "थंडी वाजतीया. वाकळ दे." मी वाकळ पांघरली. बटणाची डबी त्यांनी आत ओढून घेतली, बाहेर फक्त वायर. "तू तिकडं बस. तुझा हात नगं. माझी मी बघतो." मी मोरीकडं गेले, परत आले, तर पडद्यावर फळी सरकत होती. चेंडू परत जात होता. चुकत होता, परत जात होता.

चैत्राचं ऊन होतं. पत्र्यावर पापड भाजले असते असं. आणि म्हातारी मांडीवर वाकळ घेऊन बसलेली! पण मी तर मॅट्रिक पास ना. मला काय शंका येणार? मी आनंदानं रडायलाच लागले.

संध्याकाळी आमचे हे तंबाखूच्या वखारीतनं आले. म्हणाले, "आई, वाकळ कशाला गं?"

"तुला काय करायचंय? तू खेळ बघ."

मी दुसऱ्या कॅसेटी लावून बघितल्या. त्यांना एका हातानं दांडा हलवायचा आणि दुसऱ्यानं लाल बटण दाबायचं असे. विमानाची लावली तर म्हणाल्या, "नगं बाई, कुणाचा जीव घ्यायचा न्हाय मला." ठिपक्यांची लावली तर, "ही भुतं रातीला सपनात येत्यात." मोटारीला, "मला गाडी लागती." टीव्हीतली! मी हसून सोडून दिलं. जेवताना मात्र डावाच हात. मी त्यांना समजावून सांगायची, "खेळात आलाय, आता ताटात बी येईल." त्या मान डोलवायच्या.

"मग नवस फिटला न्हवं? जा की आता."

मी पिशवी भरायला घेतली. तेवढं करून गप्प बसले असते तर! पण उजेड पाडायची हौस. मी गल्लीभर सांगत सुटले.

आमच्या गल्लीत एक रीत होती. बाळंतपणातनं किंवा आजारातनं उठून बाई पुन्हा कामाला बसली, की शेजारणी आपापल्या सुपातली चार-दोन कापलेली पानं तिच्या सुपात टाकत. त्यातली पहिली विडी तिनं सगळ्यांसमोर वळायची. दुसऱ्याच दुपारी, आत्याबाई वाकळ घेऊन खेळत बसल्या असताना, सगळ्या आल्या. खुंटीवरचं सूप उतरवून पुसलं, आणि कुणी काही बोलायच्या आत एकीनं वाकळ काढून सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आक्का, वळा की एक."

पानं पडत गेली. कुणी तंबाखू ठेवली, कुणी दोऱ्याचं रीळ. वाकळ निघाली तेव्हा मी बघितलं होतं. बटणाची डबी त्यांच्या दोन गुडघ्यांत घट्ट धरलेली, बटणावर डावा हात. उजवा खाली, लुगड्याच्या घोळात, जिथं सकाळी मी ठेवला होता तिथंच.

आत्याबाईंनी डाव्या हातानं पान उचललं. तंबाखू घातली. वळायचा प्रयत्न केला, तशी तंबाखू सांडली. त्यांनी परत उचललं. तिसऱ्या वेळी पानच फाटलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"छाट," त्या म्हणाल्या. "जावा आता घरला."

बायका निघून गेल्या. कुणीच आपली पानं परत नेली नाहीत. मी भिंतीला टेकून उभी होते. राग आला होता, आणि लाजही वाटत होती.

"कशाला असं केलंत?"

"तू जावीस म्हणून. ते बी गुमान जावीस म्हणून." सुपातली पानं त्या डाव्या हातानं गोळा करत होत्या. "नवस तुझा, पण हात माझा. मला इचारलंस का? रोज पाय सुजवून माझ्याफुडं बसतीस. तुला काय झालं तर लोकं म्हणतील, म्हातारीच्या हातापायी गेली. मी कुठं ठेवू ते?"

 

"आणि देवी?" मी विचारलं.

"तिची आणि माझी वळख तुझ्याआधीची हाय. मी बघतो तिचं काय ते. उद्याच्या गाडीनं जा."

मी गेले. एसटीत बेळगाव येईपर्यंत पोटावर हात ठेवून बसले होते, आणि माहेरचा उंबरा चढताना डोळे गच्च मिटले. त्या आठवड्यात माझं डोकं इतकं दुखायला लागलं, की मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. बाळंतपण कठीण गेलं. मुलगी झाली, अगदी एवढीशी. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, वेळेवर आणलंत. निपाणीच्या खोलीत चेंडू बघत बसले असते, तर हे लिहायला मी नसते.

तिला घेऊन मी परत आले तेव्हा आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. वाकळ घडी करून ठेवलेली. गुडघ्यांत डबी, आणि उघड उघड डाव्या हातानं खेळ चाललेला. चेंडू क्वचितच चुकत होता. कोपऱ्यात त्यांचं सूप, रिकामं. ते पुन्हा खुंटीला लावायला कुणी हात लावला नव्हता, मीही लावला नाही. हात आला का, हेही विचारलं नाही. दिसतच होतं.

मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या हातात बटण होतं, म्हणून तिचं डोकं उजव्या हातावर आलं. पोरगीनं चाचपडत त्या लुळ्या हाताचं एक बोट धरलं आणि सोडेना. पडद्यावर चेंडू फळीच्या बाजूनं निघून गेला.

आत्याबाईंनी त्या बोटाकडं बघितलं.

"ह्यो हात हिनं न्हाय काढला छाट," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "तो टीव्ही बंद कर."