चोरवाडीचा झरा

"बोलता तसं सांगा, लिहिता तसं नको," असं म्हणून सर समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. दातांच्या डॉक्टरासारखे.

लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, म्हणून चाळीचे सर. कोकणातल्या वाड्यांची नावं कशी पडली आणि ती लिहायची कशी, हे नोंदवून ठेवायचं वेड त्यांना लागलं होतं. त्यासाठी कोकणात जायची गरज नाही, हा त्यांचा सिद्धांत. मे महिन्यात अर्धं कोकण मसाला कांडायला आमच्या गल्लीत रांग लावतं. सर तिथेच बसायचे आणि शिंकत शिंकत विचारायचे.

'म्हसकोंड' या नावात त्यांना एक प्राचीन राजवंश सापडला होता. रांगेतली एक बाई म्हणाली, "सर, तिथल्या डोहात आमची म्हैस बुडालेली." सरांनी राजवंश खोडला. "म्हैस अधिक संभवते," म्हणाले, आणि म्हशीचं नाव काय होतं तेही विचारून घेतलं.

एकदा चोरवाडीच्या मुंबईकर मंडळाने त्यांना परळच्या रविवारच्या सभेला बोलावलं. मीही गेलो. वाडीच्या नावामुळे मुलांची लग्नं जमत नव्हती. नाव बदलून 'श्रीनगर' करायचं चाललं होतं. सर म्हणाले, "घाई नको. तुमच्याकडे एक झरा उन्हाळ्यात लपतो ना? तो चोरझरा. त्यावरून चोरवाडी." टाळ्या पडल्या. नाव वाचलं.

तेवढ्यात मागून एक म्हातारी बोलली, "झरो खयचो? आमचे आजे चोरच होते. दुष्काळात खोताचा भात चोरल्यानी आणि वाडी जगवल्यानी."

सर मंचावरून उतरले आणि म्हातारीशेजारी मांडी घालून बसले. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "सर, हे लिहू नका ओ. पोरांच्या लग्नाचं बघा."

"झरा हा माझा अंदाज होता," सर म्हणाले. "यांचे आजोबा खरे आहेत."

मंडळाने टी-शर्टवर झराच छापला. खाली संशोधक म्हणून सरांचं नाव. लग्नं जमू लागली. सर प्रत्येक वधूपित्याला गाठून खोताच्या भाताची गोष्ट सांगायचे, तेव्हा मंडळाने त्यांना बोलावणं बंद केलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. कारण त्यानंतर रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून नुसतेच गॅलरीत उभे राहायचे.

गेल्या थंडीत सर गेले. मे महिन्यात ती म्हातारी मसाला घेऊन चाळीच्या जिन्यात बसलेली दिसली. "सर खय आसत?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिली.

"माझ्या म्हायेरच्या वाडीचा नाव सांगूचा रवला," ती म्हणाली.

"मला सांगा," मी म्हटलं.

तिने सांगितलं. त्यातलं एक अक्षर मला नीट पकडता येईना. मी विचारलं, "लिहायचं कसं?"

"ता माका खय ठावक?" ती म्हणाली. "ताच तर सरांका इचारूचा होता."