वाघोलीतल्या कॅफेचं जेन्ट्स टॉयलेट

इथे लोक लिहितात ते अनुभव मी डबा खाता खाता वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते, झोप झाली नसेल बिचाऱ्याची. भूतखेत, संकेत, कशावरच माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. तरी लिहितेय, कारण घरात सांगण्यासारखं कोणी नाही.

मी धायरीला राहते, शाळेत शिकवते, वय एक्कावन्न. माझे वडील, नाना, एक्क्याऐंशीचे. कंपवातामुळे त्यांचे दोन्ही हात सतत थरथरतात. शर्टाची बटणं, पायजम्याची नाडी, सगळं मीच बांधते. दर महिन्याला वाघोलीच्या डॉक्टरांकडे न्यायचं, म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. एवढ्या वयाच्या माणसाला वाटेत लघवीला कुठे न्यायचं, हा प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळेल. त्यात मी बाई, जेन्ट्सच्या दारापर्यंतच माझी हद्द.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. दवाखान्यातून निघालो आणि दहाच मिनिटांत नाना म्हणाले, "अगं, गाडी थांबव जरा."

त्याच्या आदल्या खेपेला जागा सापडेपर्यंत उशीर झाला होता. घरी पोचेपर्यंत नाना ओला पायजमा पिशवीने झाकून बसले होते. म्हणून या वेळी दिसला त्या पहिल्याच कॅफेपाशी कॅब थांबवली.

बाहेरून सगळं चकाचक — काचेचं दार, पिवळे दिवे, भिंतीवर इंग्रजी सुविचार. टॉयलेट मात्र मागच्या बोळात. लेडीजला कुलूप. जेन्ट्सचं दार उघडलं आणि वासाने नाकाला रुमाल लावला. एवढीशी खोली, एकच कमोड, तुटकी सीट, निसरडी फरशी. नळ फिरवून पाहिला, कोरडा. बादली रिकामी. खिडकी नाही, आधाराला धरायला काही नाही. कडीच्या जागी भोक.

"नाना, मी येते आत."

"नको. एवढं तरी माझं मला करू दे."

वाद घालायचं त्राण नव्हतं. नाडी सैल करून दिली, दार ओढलं आणि हँडल धरून उभी राहिले.

मिनिटभराने आतून आवाज आला... पुरुषाचा, शांत. "हळू. माझा खांदा धरा. हां, असं." मग पाणी ओतल्याचा आवाज. मग नाना — "फार उपकार झाले हो."

दार आतून उघडलं. नाना बाहेर आले. पाय स्वच्छ धुतलेले, हातांना साबणाचा वास, नाडीला घट्ट गाठ.

"आत कोण आहे?"

"अगं, ते गृहस्थ. त्यांनीच केलं सगळं. थांब, त्यांना येऊ दे बाहेर."

मी दार सताड उघडलं. आत कोणी नव्हतं. नळ कोरडा, बादलीचा तळही कोरडा. नानांच्या पायांचं पाणी तेवढं बोळातल्या फरशीवर ठिबकत होतं.

काउंटरवरच्या मालकांना विचारलं, "आत्ता आत कोण गेलं होतं?"

"दारात तुम्ही उभ्या होतात ना? मग मला काय विचारता?" ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. "आणि पाणी सकाळपासून नाहीये."

कॅबमध्ये नानांना विचारलं, दिसायला कसे होते?

"साधाच माणूस. पन्नाशीचा असेल. मला म्हणाला, दाराशी मुलगी उभी आहे ना? दमलीय फार ती. तिला म्हणावं, जरा बसत जा."

मी खिडकीबाहेर बघत बसले. इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. रडू आलं, ते नानांना दिसू दिलं नाही.

डॉक्टर म्हणतात, या आजारात नसलेली माणसं दिसतात, औषधानेही दिसतात. असेल. पण आवाज मी ऐकला, आणि मला कुठलीही गोळी चालू नाही. पाणी कुठून आलं, गाठ कोणी मारली, मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर दोनदा मुद्दाम तिथेच थांबलो. टॉयलेट तसंच घाण आहे. नाना आत शिरण्याआधी क्षणभर थांबतात, कोणी आहे का बघतात. कोणी नसतं. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "ये, तूच ये आत."