परवानगी कुणाची?

चामराजपेटेतल्या आमच्या घरमालकांइतका मनापासून रागावणारा माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरा नसेल. मूळचे निपाणीकडचे, सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेले, गल्लीतल्या सगळ्यांचे अण्णा. जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नव्हे, हे त्यांचं ठाम मत. म्हणून खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. एकदा त्यांनी दुकानातच नवा कोरा मिक्सर खोलायला घेतला. दुकानदार काकुळतीला आला, तर त्यालाच म्हणाले, "लपवण्यासारखं काय आहे आत?"

अशा माणसाच्या घरात मुलीनं परदेशातून पाठवलेला, कुठूनही न उघडणारा टॅब्लेट आला, आणि त्याच वर्षी त्यांच्या बायकोची, आमच्या अक्कांची, अर्धांगवायूनं वाचा गेली. अण्णा हट्टानं प्रोग्रामिंग शिकले आणि त्यांनी अक्कांसाठी ॲप बनवलं. चित्रावर बोट ठेवलं, की मुलीच्या आवाजात 'पाणी', 'पंखा', 'औषध नको'. पण टॅब्लेटच्या कंपनीच्या मंजुरीशिवाय ते ॲप आठवडाभरच चालायचं. मग ऐन जेवणात अक्का मुक्या व्हायच्या, आणि वायर जोडून ते पुन्हा चढवताना अण्णा गरजायचे, "टॅब्लेट माझा, प्रोग्राम माझा, बायको माझी, आणि परवानगी कुणाची वो?"

शेवटी त्यांनी ॲप रीतसर मंजुरीला पाठवलं. 'फारच थोड्यांच्या उपयोगाचं' म्हणून कंपनीनं ते नाकारलं. "थोडे कुठले? एकच बाई आहे की! तिनं बोलायचं नाही?" हा आवाज बहुधा मार्केटपर्यंत गेला असेल. अण्णा भांडत राहिले, आणि कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, कंपनीनं मंजुरी दिली.

अण्णांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. अक्का मात्र एकेक चित्र बघून मान हलवत होत्या आणि अण्णांकडे बोट दाखवत होत्या.

"काय पाहिजे? सांग की!" अण्णा वैतागले.

माझी बायको हळूच म्हणाली, "अण्णा, तुम्हाला हाक मारायचं बटण कुठाय?"

ते नव्हतंच.

'अहो' म्हणायला मुलीचा आवाज कसा चालणार? भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत अक्का एकदाच म्हणाल्या होत्या, "अहो, पुरे आता!" त्यातला 'अहो' तेवढा कापून घेतला. बटणावर लावायला अण्णांचा न रागावलेला फोटो काही मिळेना, रागावलेलाच लावला. नवं ॲप पुन्हा कंपनीकडे गेलं, आणि मंजुरी येईपर्यंत अण्णा कुणावर एकदाही रागावले नाहीत.

हल्ली दुपारी खालून 'अहो' ऐकू येतं. अण्णा असतील तिथून "आलो, आलो" करत जातात. बऱ्याचदा अक्कांना काहीच नको असतं. 'काय?' असं विचारणं अण्णांनी आता सोडून दिलंय.