कोरडा माल

देवाने आजवर जेवढी नाकं घडवली, त्यातलं सगळ्यात संशयी नाक माझ्या सासऱ्यांच्या वाट्याला आलं, आणि त्या नाकाच्या धाकात मी बावीस वर्षं संसार केला. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामा नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी. मूठभर मिरची उचलायची, कानाशी नेऊन हलवायची, आतलं बी खुळखुळलं की एकदा हुंगायची आणि निकाल द्यायचा. वजन वाढावं म्हणून कोणी मालावर पाण्याचा हात फिरवला असेल तर पोतं सोडण्याआधीच मामांचं नाक वर जायचं. "पानी मारेल शे." संपलं! त्यावर अपील नाही.

हे नाक दुकानात ठेवून घरी येतील तर शपथ! दूधवाला, धोबी, जावई, सगळे त्या नाकाखालून जायचे. मला बघायला लोणखेड्याला आले तेव्हा मी साडी सावरत, मान खाली घालून बसले होते, आणि हे गृहस्थ थेट आमच्या स्वयंपाकघरात. आईचा मिरचीचा डबा उघडून मूठ कानाशी नेली आणि बाहेर येऊन म्हणाले, "मिरची कोरडी शे. घर खरं शे. पोरले काय इचारनं?" झालं लग्न. मला बी.ए.ला पहिला वर्ग होता, ते विचारायचं कोणालाही सुचलं नाही. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा ट्रॅक्टरभर मिरची घेऊन आला. मामांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ काढली आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हना, जेवाले घर या. माल माघारी लई जा." मेहुणा जेवला, आणि पुढे दोन वर्षं बोलला नाही. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. बाकी मिरचीच्या घरात एक मोठी सोय असते. कोणाचे डोळे भरून आले तर मिरचीवर ढकलता येतं. हंगामात पथारीवर लाल मिरची वाळत पडली की अख्खं गाव शिंकतं, त्यात कोण कशासाठी रडतंय याची चौकशी कोणी करत नाही. मी नवी नवरी असताना त्याचा पुष्कळ फायदा घेतला.

गेल्या वर्षी मामांच्या घशात गाठ निघाली. कॅन्सर. नवरा धडगावला सरकारी नोकरीत, शनिवारी घाट उतरून येणारा, तेव्हा शाळेत बिनपगारी रजा टाकून मीच उभी राहिले. सोमवारी पहाटेच्या गाडीने सुरत, तिथे भाड्याची खोली, पाच दिवस किरणांचे शेक, शुक्रवारी परत. मशीनखाली झोपवताना चेहऱ्यावर मापाचा जाळीदार मुखवटा घट्ट बसवत, म्हणजे मान हलू नये. आणि दर सोमवारी गेल्या गेल्या वजन. डॉक्टरांनी बजावलं होतं, "अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल, मुखवटाही नवा करावा लागेल. सैल मुखवट्यात किरण भलतीकडे जातात."

नळीचं नाव काढताच मामा उसळले, "नाकमा नळी? हाई नाक शे, पाटचारी नहीं!"

मग सुरू झाली माझी लढाई. मुगाचं कढण, राजगिऱ्याची खीर, तूप घालून पातळ केलेली खिचडी. घसा सोललेला, एक घोट उतरायला पाच मिनिटं. चमचा पुढे केला की मामा आधी हुंगायचे आणि तोंड फिरवायचे. रविवार आला की मी खिचडीत दुप्पट तूप ओतायची. पण काय सांगू! पहिल्या सोमवारी साडेअठ्ठेचाळीस, दुसऱ्या सोमवारी साडेअठ्ठेचाळीस, तिसऱ्याही. डॉक्टर म्हणाले, "ताई, कमाल आहे तुमची." मी फुगले. माझ्या हाताला चव नाही असं बावीस वर्षं ऐकवणाऱ्या नणंदेला मुद्दाम फोन करून आकडा सांगितला. मशीनवरची मुलगी तेवढी पुटपुटली होती, "मास्क थोडा ढिला वाटतो. पण वजन तर तेच आहे."

मामा आपली बंडी कोणाच्या हाती देत नसत. वजन झालं की स्वतः काढायचे, स्वतः खुंटीला लावायचे. चौथ्या सोमवारीही आकडा तोच आला. मशीनच्या खोलीबाहेर त्यांना भोवळ आली, मी दंड धरला, आणि हातातली बंडी फरशीवर पडली. खण्ण! बाकावरचे सगळे वळून बघू लागले. मी बंडी उचलली तर हाताला ओझं. उजव्या खिशात एक किलोचं लोखंडी वजन, डाव्यात दुसरं एक किलोचं. तोल जाऊ नये म्हणून! आमच्याच दुकानातली.

"मामा, हे काय?"

मामांनी नजर चुकवली. "थोडं पानी मारं."

माझी खीर, माझं कढण, माझी फुशारकी, सगळं त्या फरशीवर पडलं. हसावं की बोंब मारावी कळेना. साडेसेहेचाळीस किलोचा माणूस सैल मुखवट्यात झोपत होता आणि मी फोनवर मिरवत होते! मी डॉक्टरांच्या दाराकडे वळले तसा मामांनी माझा पदर धरला. या माणसाने कोणापुढे कधी हात पसरलेला मी पाहिला नव्हता.

"सांगू नको, माय. नाक गयं तं मन्हाजोडे काय ऱ्हायनं?"

पण मी घाबरले की चिडते, आणि चिडले की शाळेतली मराठी पळून जाते. "मेहुनाले सोडं नहीं तुम्ही, आनि मी तुमले सोडू?" पदर सोडवून घेतला आणि आत जाऊन दोन्ही वजनं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

नळी पडली. नवा मुखवटा होईपर्यंत शेक थांबले. फुकट गेलेल्या दिवसांचं काय, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "पुढे बघू." ते दोन शब्द अजून माझ्या छातीवर बसलेत. मामा माझ्याशी बोलेनात. दर दोन तासांनी मी नळीतून पातळ पेज सोडायची आणि ते भिंतीकडे बघायचे. मेहुण्याला दोन वर्षं कशी गेली असतील ते मला तेव्हा कळलं. आपल्याकडे दोन वर्षं आहेत का, हेही त्याच वेळी मनात यायचं.

शेवटच्या शेकाच्या दिवशी काट्यापाशी गेलो. मामा थांबले. बंडी काढून माझ्या हातात दिली. चपला काढल्या, घड्याळ काढलं, सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला. मग बनियनवर, नाकात नळी, त्या काट्यावर ताठ उभे राहिले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"देख. कोरडा माल शे."

सेहेचाळीस किलो सातशे. दोनशे ग्रॅम वाढलं होतं, आणि खरं होतं. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तेव्हा काय निघेल ते निघेल. मी बंडी छातीशी धरून तिथेच रडत उभी राहिले, आणि मामा मोकळ्या नाकपुडीने लांब श्वास घेत माझ्याकडे बघत होते. ढकलायला सुरतेत मिरचीसुद्धा नव्हती.