ताईनं माफ केलं नव्हतं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या शाळेत सातवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते. नंबर ताईचाच होता, म्हणून उचलला आणि ‘अगं, तासावर आहे, नंतर बोलू’ असं म्हणूनही टाकलं. पलीकडे ताई नव्हती. लचकलेल्या घोट्याला पट्टी बांधून घ्यायला आलेली कॉलेजची एक मुलगी होती आणि ती नुसतीच ‘मॅडम पडल्या, मॅडम पडल्या’ म्हणत होती. मी एसटी, रिक्षा, जे मिळेल ते धरून महाडला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. ती मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसून होती, पायाला अर्धीच पट्टी... उरलेली पट्टी तिनं कुणालाच बांधू दिली नव्हती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण संघमित्रा. महाडच्या बाजारपेठेत खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट. आमच्याकडची कबड्डी खेळणारी निम्मी पोरं तिच्या टेबलावर कधी ना कधी झोपून गेलीत. तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या सभेला, विहारात बसायला जागा उरली नाही. आणि तिथे, त्या गर्दीत, पोलादपूर तालुक्यातल्या एका गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष उठले, खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले आणि म्हणाले, “मॅडमचं मन फार मोठं. त्यांनी कुणाबद्दल कधी मनात काही ठेवलं नाही.” लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत होते. आई माझा हात घट्ट धरून पुटपुटली, “गप र्‍हा गो, आज नको.” आईमुळे मी त्या दिवशी गप्प राहिले. आज आता राहणार नाही. ताईनं मनात ठेवलं होतं. सगळं ठेवलं होतं. तिच्याइतकी राग जपणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि ती मेल्यावर तिला कुणी क्षमामूर्ती बनवत असेल तर तो मी तिचा अपमान समजते.

लहानपणापासून ती तशीच. आठवीत असताना लांब उडी मारताना तिचा पाय मुरगळला. पीटीच्या मास्तरांनी गरम तेल चोळून पुन्हा उड्या मारायला लावल्या. घोटा भोपळ्याएवढा सुजला, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली दुसरीच मुलगी. पुढे ती मुंबईहून डिग्री घेऊन आली, दवाखाना थाटला, आणि एके दिवशी तेच मास्तर कंबर धरून दारात उभे. ताईनं त्यांची कंबर चांगली सरळ करून दिली आणि निघताना विचारलं, “सर, ताज्या दुखापतीवर तेल चोळायचं की बर्फ लावायचा?” मास्तर म्हणाले, “बर्फ.” “परत सांगा.” मास्तरांनी परत सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ताईचा राग असा होता. ती उपचारात कसूर करायची नाही, पण हिशेब विसरायचीही नाही.

तिला माणसं चेहऱ्यानं कमी आणि चालीनं जास्त ओळखू यायची. महाडच्या एसटी स्टँडवर आम्ही उभ्या असलो की बसमधून उड्या मारून उतरणाऱ्या पोरांकडे ती टक लावून बघायची आणि म्हणायची, “ह्याचा गुडघा आत पडतोय बघ. हा एक दिवस माझ्याकडे येणार.” मग सरळ जाऊन त्या पोराला सांगायची, मांडीला ताकद दे, नाहीतर मोडशील. पोरं वेड्यासारखी बघायची. काही खरंच यायची. मोडण्याआधी आलेला खेळाडू तिला सगळ्यात लाडका. मोडून आलेल्याला आधी बोलणी खावी लागायची.

संकेत मोडून आला होता. त्याच अध्यक्षांच्या मंडळाचा सगळ्यात चांगला चढाईपटू. सहा फुटी, हसरा, आणि पकडीतून असा निसटायचा की समोरचे नुसते मातीत लोळायचे. एका सामन्यात घोटा पकडला गेला, अंग फिरलं आणि पाय जागीच राहिला. गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. मुंबईला ऑपरेशन झालं आणि पुढचं सगळं ताईकडे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, इथून सुरुवात. मग एका पायावर उभं राहणं, मग हलत्या फळीवर तोल सांभाळणं, मग ठेंगण्या स्टुलावरून खाली उडी. ताई दर आठवड्याला टेप लावून त्याच्या दोन्ही मांड्या मापायची आणि दुखरी मांडी जराशी भरली की त्याच्याहून जास्त ती खूश. संकेत तिला ‘ताय’ म्हणायचा. भाकरी, सुकट, जवळा घेऊन यायचा. आमच्या आईशी गप्पा मारत ओट्यावर बसायचा. ताईनं त्याला एवढंच बजावलं होतं की हा हंगाम मैदानात पाय ठेवायचा नाही. नवा स्नायुबंध आतून अजून कच्चा आहे. दुखत नाही म्हणजे बरा झाला असं नसतं.

पण गावची जत्रा आली. जत्रेच्या स्पर्धेत गावाचाच माणूस खेळवायचा, बाहेरचा आणायचा नाही, ही त्या गावाची रीत. संकेतशिवाय संघात दम नव्हता. अध्यक्षांनी ताईला गावात बोलावून घेतलं. मी बरोबर होते. देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा आला, आम्हा दोघींना कागदी कपातून. ताईनं कप हातात घेतला, एकदा त्याच्याकडे, एकदा अध्यक्षांकडे बघितलं आणि न पिता खाली ठेवला. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, एक दिवसाचा तर प्रश्न हाय. पट्टा बांधून खेळंल पोरगा.” ताई म्हणाली, “नाही. खेळला तर पुन्हा तुटेल आणि मग कायमचाच.” “बरं, मग देवाला इचारतो,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव मूर्तीला ओली फुलं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडचं फूल पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. आमच्या घरात हे चालत नाही, पण ज्यांच्या घरात चालतं त्यांच्या श्रद्धेची मी टिंगल करणार नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, देवानं उजवा कौल दिला. संकेत खेळला. तिसऱ्या चढाईत, कुणी हातही लावला नव्हता तेव्हा, नुसता वळताना खाली बसला. गुडघा तुटल्याचा तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला म्हणतात.

आणि मग ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते घडलं. मंडळानं सांगायला सुरुवात केली की देवाचा कौल खोटा असूच शकत नाही, म्हणजे चूक उपचारात. बाईनं पोराचा पाय फुकट घालवला. हे चहाच्या टपरीवर बोललं गेलं, तालुक्याच्या बैठकीत बोललं गेलं, आणि त्याला जोडून ‘त्या लोकांच्या हाताला कुठला गुण’ असंही हलक्या आवाजात बोललं गेलं. तालुका संघाच्या फिजिओ म्हणून असलेलं ताईचं काम गेलं. पोलादपूरकडची पोरं येईनाशी झाली. दवाखान्यातलं टेबल दिवसदिवस रिकामं असायचं आणि ताई त्यावरची चादर उगाच बदलत बसायची. ती कुणाला काही बोलली नाही. लोकांना तो मोठेपणा वाटला. मला माहीत आहे ती घरी येऊन काय बोलायची. छापता येणार नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका शनिवारी संकेत लंगडत तिच्या दारात आला. दुसरं कुणी त्याला नीट चालवू शकत नव्हतं. टेबलावर पडल्या पडल्या, छताकडे बघत, त्यानं सांगून टाकलं. “ताय, पयलं फूल डावं पडलेलं. देवानं ‘नाय’ सांगितलेलं. अध्यक्ष म्हणाले, गाऱ्हाणं चुकलं, परत लावा. मी थितंच व्हतो.” ताईचे हात थांबले. ती म्हणाली, “हे गावात सांग.” संकेत रडायला लागला. “मला गावात र्‍हायचं हाय, ताय.”

त्या दिवसापासून ताई त्याच्याशी बोलली नाही. तो दर शनिवारी यायचा, ती दर शनिवारी त्याला तपासायची. ‘वाकव’, ‘सोड’, ‘परत’ एवढेच शब्द. त्याची भाकरी तिनं घेतली नाही. तो वर्षानुवर्षं आला आणि तिनं वर्षानुवर्षं त्याच्या गुडघ्यावर जीव तोडून काम केलं, आणि एकदाही ‘कसा आहेस’ विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, “ताई, पुरे की गं आता.” ती म्हणाली, “पाय त्याचा गेला, ते मी बघतेय. नाव माझं गेलं, ते कोण बघणार?”

तिनं दवाखाना पुन्हा उभा केला तो मुलींच्या जोरावर. महाडच्या मुलींच्या संघाला ती पहाटे मैदानात नेऊन उडी कशी मारायची यापेक्षा खाली कसं यायचं ते शिकवायची. हळूहळू तिचं टेबल पुन्हा भरलं. पण ते गाव आणि ते अध्यक्ष तिच्या डोक्यातून गेले नाहीत. कशेडीच्या बाजूला कधी जायचं झालं तरी त्या गावच्या फाट्यावरून गाडी जाताना ती खिडकीची काच वर करायची.

पुण्यानुमोदनानंतर थोड्याच दिवसांत अध्यक्ष आमच्या घरी आले. यंदाच्या जत्रेतल्या चषकाला ताईचं नाव द्यायचं ठरलंय, फोटो हवा होता. मी म्हटलं, “नाव द्या. पण आधी मैदानात सांगा, संकेतचा पाय कुणी घालवला.” ते हसले. “बाई, गेलेल्या माणसाच्या नावानं जुनं कशाला उकरायचं?” “गेलेल्या माणसाच्या नावानं चषक चालतो ना तुम्हाला?” ते चहा न पिता उठले आणि फोटो त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवरून मिळवला.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी दवाखाना आवरत होते आणि सवयीनं संकेत आला. दारातच उभा राहिला. खेळणं सुटल्यापासून तो त्याच स्पर्धेचा निवेदक झाला आहे, आवाज खणखणीत, माईक त्याच्याच हातात असतो. त्यानं विचारलं, “बाई, ताय माझ्याबद्दल शेवटी कायतरी बोलली का?” खोटं बोलणं सोपं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून कुणीही बोललं असतं. मी म्हटलं, “नाही. तिनं तुला माफ केलं नव्हतं. आणि आता तिच्या नावाचा चषक तूच पुकारणार आहेस.”

स्पर्धेला मी गेले आणि मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसले. बॅनरवर ताईचा फोटो होता, कपाळाला आठी असलेला, तेवढं एक बरं झालं. संकेत माईक घेऊन मध्ये आला. चषकाचं नाव घेतलं आणि मग एका दमात सुटला. “माझा पाय मॅडमनी नाय घालवला. मॅडम नको म्हनल्या व्हत्या. देव पन नको म्हनलेला. पयलं फूल डावं पडलं, अध्यक्षांनी परत लावायला लावलं, मी बघितलं, आनि मी गप र्‍हायलो.” अध्यक्षांनी हात केला, माईक बंद झाला. संकेत थांबला नाही. पुन्हा पहिल्यापासून तेच सगळं बिनमाईकचं, आणखी मोठ्यानं सांगितलं. अध्यक्ष म्हातार्‍या गुरवाकडे वळले, “तुमी सांगा, खोटं बोलतोय ना हा?” गुरवानं खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि म्हणाला, “पयलं डावंच पडलेलं.” अध्यक्ष मान खाली घालून बसले आणि सामने संपेपर्यंत तसेच बसून राहिले, कारण उठून जायलाही सगळ्यांसमोरूनच जावं लागलं असतं. मला वाईट वाटलं नाही. मी समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला फार बरं वाटलं. ताई असायला हवी होती, एवढंच.

ताईचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. पुराचं पाणी एकदा खालच्या गाळ्यात शिरलं तेव्हा तिनं तो वर नेला. गुडघेदुखीची माणसं जिना चढताना तिला शिव्या द्यायची, आणि उतरताना ती स्वतः वरच्या पायरीवर उभी राहून शिकवायची की खाली येताना दुखरा पाय आधी टाकायचा. काल संकेत येऊन गेला. बसला नाही. जाता जाता त्यानं विचारलं, “आता तरी ताय बोलली असती का माझ्याशी?” खरं सांगायचं तर मला माहीत नाही. तसंच सांगितलं. तो मान हलवून वळला आणि डोळे पुसत पुसत, घाईत, चांगला पाय आधी टाकून जिना उतरायला लागला. मी वरून ओरडले, “दुखरा आधी टाक रे! किती वर्षं शिकवायचं तुला?”